दोनशे बहात्तर

"तो ऑक्सिजन अजून बॉयलरकडचाच आहे ना, साहेब," मीटरमामा म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत राहिले. मी त्यांच्या खोलीत उभ्या उभ्या चहा पीत होतो. वाक्य इतकं लहान होतं की मी चहा संपवला, कप खिडकीत ठेवला, दोन पावलं दाराकडे गेलो आणि मगच थबकलो. मागे वळून विचारलं, "बॉयलरकडचा म्हणजे?" मामा कारखान्यातली सगळी मोजयंत्रं सांभाळतात, म्हणून मीटरमामा. दोन महिन्यांनी निवृत्त होणार आहेत. "म्हणजे जोडणी हो. चिमणीवरचा ऑक्सिजन मोजणारा तुकडा जळला तेव्हा तुम्हीच म्हणालात, मामा, आठ दिवस बॉयलरकडची वायर घ्या, नवा आला की बघू. नवा आला. मी बसवला. पण वायर फिरवा असं कुणी म्हणालं नाही. मला वाटलं, तुम्हाला तशीच हवी असेल." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं. पेन्सिलीची सालं त्यांनी तळहातावर गोळा केली, टोपलीत टाकली आणि आज जेवायला लवकर जाणार का, असं विचारलं. मी मनातल्या मनात महिने मोजत होतो. अठरा.

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर मी का थबकलो ते कळणार नाही. आमचा कारखाना कोळसा जाळून वीज करतो, आणि कोळसा रसरसून जळला की हवेतला आणि कोळशातला नायट्रोजन ऑक्सिजनला धरतो. त्यातून जो वायू निघतो तो दुपारच्या उन्हात शहरावर तपकिरी चादर होऊन बसतो आणि लोकांच्या घशात उतरतो. तो वायू कमी करणं हे माझं काम. चिमणीच्या मध्यावर एक खोली आहे, तिथलं यंत्र तो मोजतं. पण बॉयलरपासून चिमणीपर्यंतच्या वाटेत बाहेरची हवा गळून आत येते. मिठाच्या पाण्यात आणखी पाणी ओतलं की खारटपणा कमी लागतो, मीठ तेवढंच असतं. तसंच हे. म्हणून चिमणीतला ऑक्सिजनही मोजायचा, किती हवा मिसळली ते ओळखायचं आणि आकडा त्या मानानं वाढवून सांगायचा. जिथे वायू मोजला तिथलाच ऑक्सिजन घ्यायचा. ही गोष्ट मी नव्या माणसांना पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून शिकवतो, खाली दोन रेघा मारतो. आणि मी स्वतः अठरा महिने वायू वरचा घेत होतो आणि ऑक्सिजन खालचा, हवा मिसळण्याआधीचा. यंत्र बिचारं समजत होतं की पाणी कुणी ओतलंच नाही. मामांची नुकती टोक केलेली पेन्सिल घेऊन मी कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. आमचा आकडा दोनशे बहात्तर होता. गेटवरच्या पाटीवर तो हिरव्या अक्षरात झळकतो. मर्यादा तीनशेची. गणिताचं उत्तर तीनशे पंचेचाळीस आलं. मी पुन्हा केलं. तेच आलं.

आज चार वाजता बाहेरून प्रदूषण तपासणाऱ्या समितीची माणसं येणार होती. माझ्या अहवालावर माझी सही व्हायची होती, आणि त्या सहीवर अमोनियाची खोली कायमची रद्द व्हायची होती. चिमणीच्या पायथ्याशी ती खोली उभी करायची, धुरात अमोनिया फवारायचा आणि त्या वायूचा साधा नायट्रोजन आणि पाणी करून सोडायचं, अशी मूळ योजना होती. दोन वर्षं भांडून मीच म्हटलं होतं की नको, मी नुसत्या ज्वालेनं करून दाखवतो. करूनही दाखवलं. निदान दहा वाजेपर्यंत तरी मी ते करून दाखवलं होतं. आता सव्वादहा झाले होते आणि अहवालाच्या बारा प्रती बाइंडरकडून आणायच्या होत्या. ड्रायव्हर जातो म्हणाला. मी म्हटलं, नको, मीच जातो. मला एका जागी उभं राहवत नव्हतं.

बाजारातल्या रस्त्यानं मी नेहमीपेक्षा भरभर चाललो, जणू बाइंडर दुकान बंद करून पळून जाणार होता. चष्म्याच्या दुकानापुढे एक बाई वेगवेगळ्या काचांतून आकाशाकडे बघत होती. कुलपं दुरुस्त करणारा एकाच किल्लीला पुन्हा पुन्हा कानस मारत होता. मला त्या किल्लीचा आवाज दातात जाणवला. मग बाबा आठवले. बाबा जुन्या काळचे भट्टीवाले, फावड्यानं कोळसा टाकणारे. भट्टीच्या दाराला हाताएवढी काच असायची, तिच्यातून ते आगीकडे बघायचे आणि रंगावरून सगळं सांगायचे. आग पांढरी हवी, डोळे दिपवणारी. लालसर झाली की म्हणायचे, हिला भूक लागली आहे. मी शिकून आलो आणि नेमकं उलटं केलं. खाली कोळशाला हवा कमी द्यायची, आग जरा मंद, जरा थंड ठेवायची, म्हणजे नायट्रोजनला पेटायला संधी मिळत नाही. उरलेली हवा वरच्या बाजूनं उशिरा सोडायची, तेव्हा राहिलेला कोळसा जळतो. निवृत्तीनंतर एकदा मी बाबांना बॉयलर दाखवायला आणलं. ते काचेतून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उपाशी ठेवलीयस." मी हसून आकडे सांगितले, तक्ते दाखवले. त्यांनी ऐकून घेतलं. "तू म्हणतोस तर असेल बाबा. मला काय, मी रंग बघणारा माणूस." त्या दिवशी मला त्यांची कीव आली होती, आणि ती कीव किती गोड लागली होती हे आज रस्त्यात आठवून मला स्वतःचीच शिसारी आली. रंग बघणाऱ्या माणसाला निदान काय बघतोय ते ठाऊक होतं.

आणि मला कसं दिसलं नाही? हा प्रश्न चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचत होता. पण उत्तरही मला माहीत होतं, फक्त ते बाहेर काढायला थांबायला हवं होतं आणि मला थांबायचं नव्हतं. दुरुस्तीसाठी बॉयलर तीन आठवडे बंद होता. त्याच आठवड्यांत मी हवेची सगळी दारं नव्यानं बसवली आणि त्याच आठवड्यांत तो तुकडा जळला. बॉयलर पेटला तेव्हा चारशे चाळीसचा आकडा एकदम दोनशे बहात्तरवर उतरलेला. मी नियंत्रण कक्षात दोन्ही हात वर करून ओरडलो होतो. कुणीतरी पेढ्यांचा डबा आणला होता. त्या आनंदात मी एकदाही विचारलं नाही की एवढं? खरंच एवढं? आकडा वाढला असता तर मी रात्रंदिवस यंत्र उघडून बसलो असतो, एकेक वायर तपासली असती, मामांचा जीव नकोसा केला असता. कमी झाला म्हणून विश्वास ठेवला. मी खोटं बोललो नव्हतो. वायू खरोखरच कमी झाला होता, जवळपास शंभरानं. उरलेलं वायरीनं केलं होतं आणि मी ते माझ्या खात्यावर जमा धरलं होतं. मनातल्या मनात मी हेही बोलून बघितलं, की शंभर काही थोडे नव्हेत. बोलून बघितल्यावर ते थोडे वाटले.

बाइंडरनं बारा प्रती पुठ्ठ्याच्या खोक्यात रचून ठेवल्या होत्या. निळं कापड, सोनेरी अक्षरं. "एकदा चाळून घ्या साहेब," तो म्हणाला, "पान उलटंसुलटं असलं तर सांगा. मजकुराची चूक मात्र माझ्याकडे नाही हं, आता जे आत आहे ते शिवून टाकलंय." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मीही हसलो, जरा जास्तच, कारण तो थांबून माझ्याकडे बघू लागला. एक प्रत उघडली. चौतिसाव्या पानावर तक्ता होता, अठरा महिन्यांचे अठरा आकडे, एका रांगेत, कसे आज्ञाधारक. दोनशे एकाहत्तर, दोनशे चौऱ्याहत्तर, दोनशे सत्तर. खरा धूर इतका शहाण्यासारखा वागत नाही, हेही मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी प्रत मिटली. "छान झालंय," मी म्हणालो. कापडाला ताज्या डिंकाचा वास येत होता.

खोकं रिक्षात ठेवून मी बसतोय तोच बायकोचा फोन आला. ती शाळेत खेळ शिकवते. शाळेचं मैदान चिमणीच्या त्या अंगाला आहे जिकडे दुपारचा वारा जातो. गेली दीड वर्षं ती मैदानाचं वेळापत्रक माझ्यावर सोपवून मोकळी झाली आहे. आधी ती दुपारी मुलांना बाहेर काढत नसे. मग मीच एकदा म्हणालो, काढ बिनधास्त, आकडा खाली आलाय. तेव्हापासून ती काढते.

"ऐक ना, साडेतीनला लांब पळण्याची निवड आहे. सगळी चाळीस पोरं. हवा कशी आहे आज?"

"नको पळवूस," मी म्हणालो. मी ठरवून म्हणालो नाही. तोंडातून निघून गेलं.

"का? आकडा चढला?"

"नाही. आहे तेवढाच आहे."

"मग?"

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, सांगून टाकावं. एवढंच म्हणायचं होतं की माझा आकडा चुकीचा आहे. चार शब्द. पण ते चार शब्द म्हटले की पाचवा तिच्याकडून येणार होता, कधीपासून, आणि त्याचं उत्तर अठरा महिने होतं, आणि अठरा महिन्यांतल्या किती दुपारी, किती मुलं, ते ती माझ्यापेक्षा भरभर मोजणार होती. "असंच," मी म्हणालो, "ऊन फार आहे."

"ऊन?" ती हसली. "तुला कधीपासून ऊन दिसायला लागलं? अरे, तुझा आकडा ठीक असेल तर मी पोरांना नाही म्हणून काय सांगू? साहेबांना ऊन लागतंय?" मग तिचा आवाज बदलला. "तुला बरं नाही का?"

"बरं आहे. पण नको पळवूस. माझ्यासाठी म्हण."

"बरं," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात ती किती गोंधळली आहे ते मला कळलं. फोन खिशात टाकल्यावर मला जाणवलं की जगातल्या एका माणसाशी मी दोनशे बहात्तरवर विसंबून बोलू शकलो नव्हतो. समितीच्या सात माणसांपुढे मी ते बोलू शकलो असतो. त्यांची पोरं त्या मैदानावर नव्हती. पण आमचंही तिथे कुणी नव्हतं, आम्हाला मूल नाही. तरी जीभ वळली नव्हती.

मोठे साहेब दोन वाजेपर्यंत बाहेर होते. ते येताच त्यांच्या खोलीत मी दार न वाजवता शिरलो. ते कारखान्याचे प्रमुख, आणि माणूस वाईट नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ते वाईट असते तर पुढचं सोपं गेलं असतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, वायर, आठ दिवस, तीनशे पंचेचाळीस. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि खरोखर काळजीनं ऐकलं.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. मामांना. म्हणजे वायर तशी आहे हे त्यांना माहीत आहे. त्याचा अर्थ काय होतो ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही."

"हे बघा," ते म्हणाले, "अठरा महिने चाललं तिथे आणखी एक महिना चालू द्या. पुढच्या महिन्यात बॉयलर बंद ठेवणारच आहोत. तेव्हा वायर फिरवा, गाजावाजा न करता. नंतर आकडा वाढलेला दिसला तर हवेची दारं झिजली म्हणू. मग तुम्ही बसून खाली आणा. तुम्ही आणाल, माझी खात्री आहे."

"ज्वालेनं याच्या खाली येत नाही साहेब. जेवढं काढता येत होतं तेवढं काढलंय. आता अमोनियाच लागेल."

"ते आज रद्द होतंय. एकदा रद्द झालं की पुन्हा यायला दहा वर्षं जातात, तुम्हालाही ठाऊक आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, "आणि कधी उकरलंच कुणी, तर काम मामांच्या हातचं आहे. नोंदवहीत त्यांचं नाव असेल. ते तोवर घरी गेलेले असतील, त्यांचं काय वाकडं होणार? तुम्ही कशाला अंगावर घेता?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अंगावरून गार वारा गेल्यासारखं वाटलं. मी त्यांचे आभारसुद्धा मानले. बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो तेव्हा गुडघे हलके होते, आणि हलकेपणा काही केल्या जाईना. तो पायऱ्या उतरेपर्यंत टिकला, गोदामापर्यंत टिकला, कोळशाच्या पट्ट्याखालून जाताना डोक्यावर भुकटी पडली तिथपर्यंत टिकला. आठ दिवस असंच सांगितलं होतं मी मामांना. घाईत, जाता जाता, फोन कानाला लावून. तेव्हाही असंच हलकं वाटलं होतं, एक काम मिटलं म्हणून. आता साहेब मला एक महिना सांगत होते. त्या महिन्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. मी घड्याळात पाहिलं. पावणेतीन वाजले होते. पाय आपोआप मीटरमामांच्या खोलीकडे वळले, आणि दारात पोचेपर्यंत मला माहीत नव्हतं की मी काय बोलणार आहे.

"मामा, वर येता?"

त्यांनी काही विचारलं नाही. स्क्रू ड्रायव्हर आणि नोंदवही उचलली. चिमणीची लिफ्ट म्हणजे जाळीचा पिंजरा, खडखडत चढतो आणि मध्येच विचारात पडल्यासारखा थांबतो. जाळीतून शहर खाली जात होतं, छपरं, पाण्याच्या टाक्या, रस्ते, आणि त्यांच्यावर ती तपकिरी झाक, उन्हात जवळजवळ सुंदर दिसणारी. शाळेचं मैदान मी शोधलं नाही. तोंड दुसरीकडे करून उभा राहिलो. वरच्या खोलीत यंत्राचा पंखा घरघरत होता. पडद्यावर दोनशे त्र्याहत्तर.

"वायर फिरवा मामा. चिमणीवरच्या तुकड्याची घ्या."

मामांनी पेटीचं झाकण उघडलं, मग हात मागे घेतले. "साहेब, रागावू नका," ते म्हणाले, "पण या वेळी लेखी द्या."

त्यांनी वही उघडून पुढे केली. आधी अठरा महिन्यांपूर्वीचं पान काढलं. तारीख, वेळ, केलेलं काम, करणाऱ्याची सही, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. शेवटचा रकाना होता, कोणाच्या सांगण्यावरून. तो कोरा होता. "इथे मी तुमचं नाव घालू शकलो असतो," मामा म्हणाले. "पण न विचारता दुसऱ्याचं नाव कसं घालायचं? म्हटलं, साहेब येतील तेव्हा भरतील. मग तुम्ही काही आला नाहीत." आणि मग, जरा अडखळत, "वायरीचं मला थोडंफार कळतं हो. आज मुद्दामच काढला विषय. चार वाजताचं ऐकलं होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पेटीतल्या वायरींकडे बघत राहिले. मला रडू आलं असतं, पण ते अवघडले असते, म्हणून मी पेन काढलं. त्या कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं, खाली सही केली आणि आजची तारीख घातली, म्हणजे ते आज लिहिलंय हेही कुणापासून लपू नये. मग नवं पान. ऑक्सिजनची जोडणी चिमणीवरील मापकाकडे परत घेतली. आधीची जोडणी माझ्या तोंडी सूचनेवरून अठरा महिने चुकीची होती. त्या काळातले सर्व आकडे कमी दाखवलेले आहेत. अक्षर वाकडं आलं. मामांनी वाचून मान हलवली आणि दोन स्क्रू फिरवले. एवढंच होतं. दोन स्क्रू.

यंत्र सरासरी काढत जातं, त्यामुळे आकडा उडी मारत नाही, चढतो. दोनशे ऐंशी. दोनशे त्र्याण्णव. तीनशे ओलांडला तेव्हा पडद्यावरची अक्षरं हिरव्याची लाल झाली. खाली गेटवरची पाटीही त्याच क्षणी लाल झाली असणार, आणि सभागृहातला मोठा पडदाही, जो मीच हौसेनं लावून घेतला होता. तीनशे नऊ. माझं सगळं काम, माझी दोन वर्षांची भांडणं, ती पेढ्यांची दुपार, सगळं डोळ्यांदेखत चढत चाललं होतं, आणि मला भीती वाटत होती, साधी, उद्या कुठे बसवतील मला याची भीती. तीनशे अठरा.

"थांबवू का साहेब?" मामांनी विचारलं. माझा चेहरा बघून विचारलं असावं.

"नको. चढू दे."

तीनशे सत्तावीसला फोन वाजला. मोठे साहेब. त्यांच्यामागे खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी परक्या आवाजात काहीतरी विचारत होतं. पाहुणे लवकर आले होते. "अहो, पडद्यावर हे काय चाललंय?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "सगळे बघताहेत. मीटर बिघडलं का?"

"नाही साहेब. बिघडलेलं होतं. मी बिघडवलं होतं. आता बरोबर आहे."

 एकेक शब्द दाताखाली धरून साहेब म्हणाले, "वायर होती तशी करा. आत्ता. ताबडतोब."

खोली लहान होती, फोनचा आवाज मोठा होता. मामांनी ऐकलं होतं. त्यांनी झाकण लावलं, स्क्रू ड्रायव्हर खिशात खोचला, आणि नोंदवहीचं ते पान उघडं धरून, बोटानं शेवटचा रकाना दाखवत, मला हळूच म्हणाले, "त्यांनाही म्हणावं, लेखी द्या."

"साहेब," मी फोनमध्ये म्हणालो, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला, "तेवढं लेखी पाठवा."

फोन बंद झाला. आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. खालून कुणी आलं नाही. कागद आला नाही. तीनशे एक्केचाळीस. तीनशे चव्वेचाळीस.